साक्री रोड

दिवाळीच्या सुट्टीत गुलशेरभाऊंनी
प्रयोगशाळेतले सगळे पट्टीचुंबक रंगवून ठेवले.
कोणी सांगितलं नव्हतं.
फाटकाचा उरलेला तांबडा, खिडक्यांचा उरलेला निळा,
आणि पंचवीस वर्षांच्या बोटांनी पुसलेली
उ आणि द ही दोन अक्षरं
त्यांनी अंदाजाने पुन्हा काढली.

अंदाज निम्म्या वेळा चुकला.

सोमवारी आठवी ब मध्ये
तांबड्याने तांबड्याला कडकडून मिठी मारली,
निळ्याला ढकलून दिलं,
पुस्तकातला नियम बाकाखाली जाऊन पडला.
पोरं खूश.
गुलशेर तडवी दाराशी उभे,
हातात टर्पेंटाइनची बाटली, मान खाली.

मी म्हटलं, थांबा भाऊ, पुसू नका.
एक चुंबक दोऱ्याने खिडकीच्या कडीला टांगला.
बराच वेळ तो नको नको करत राहिला
आणि मग त्याचं निळं टोक
नंदुरबारकडे बघत थांबलं.

जे नंदुरबारकडे बघतं ते उत्तर.
रंग कुठलाही लावा.

तेजल गिरासे उठली. ती उठतेच.
"बाई, विजातीय ध्रुवच ओढतात ना एकमेकांना?
मग याच्या उत्तर टोकाला जे ओढतंय,
तिकडचं, वरचं,
ते दक्षिण झालं ना?"

हो.

"मग त्याला उत्तर का म्हणायचं?"

तेवीस वर्षं हा धडा शिकवते,
तेवीस वर्षं नेमकी इथे घंटा होते.
आज झाली नाही.

मग मला जे सुचलं ते सांगितलं:
माझं माहेर धुळ्यात, साक्री रोडला.
साक्रीचं तिथे काहीसुद्धा नव्हतं,
एक पिठाची गिरणी, एक पंक्चरवाला,
आणि लांब जाणारा रस्ता.
आता राहते साक्रीत, धुळे रोडला.
डांबर तेच, खड्डे तेच.
रस्ता जिकडे निघाला, त्या गावाचं नाव लावतो.
सुईच्या टोकानेही तसंच लावलं.
आणि तिकडे बर्फाखाली जे आहे
त्याला कोणी स्वभाव विचारला नाही,
पत्ता बघून नाव दिलं.

मागच्या बाकावरून आवाज आला,
"मनी माय बी आठे नवापूरवाली,
नी नवापूरमा साक्रीवाली."

ध्रुव तरी अढळ असेल म्हणून
आपण पोरांची नावं ध्रुव ठेवतो.
हा वर्षाकाठी सरकतो
साक्रीहून कुसुंब्याला जावं इतका.
हे मी सांगितलं नाही. एका दिवसाला पुरे होतं.

शाळा सुटल्यावर गुलशेरभाऊ म्हणाले,
"बाई, तुमचं होकायंत्र त्या काळ्या धारेवर चालत नाही.
मी नेऊन पाहिलंय."
कान नदी ओलांडून गेलो. डोंगराच्या पाठीवर
भिंत घातल्यासारखी दगडाची सरळ रेघ.
दगडाला टेकवताच सुई थरथरली,
नंदुरबार सोडून
सटाण्याकडे तोंड करून बसली.

साडेसहा कोटी वर्षांमागे
हा दगड उकळत वर आला, निवत गेला,
तेव्हा त्यातला लोखंडाचा कण न् कण
त्या वेळच्या उत्तरेकडे बघत थिजला.
त्या वेळची उत्तर सटाण्याकडे होती.
पुढे पृथ्वी फिरली मनातून.
दगडाला कोणी कळवलं नाही.

गुलशेरभाऊ उकिडवे बसले,
दगडावर तळहात ठेवून.
"म्हणजे मी रंगवलं ते त्या वेळी चाललं असतं?"
चाललं असतं भाऊ.
पण मग उरलेले निम्मे चुकले असते.
ते इतके हसले की खालच्या शेळ्या वर बघायला लागल्या.

घटक चाचणीत तेजलने लिहिलं:
पृथ्वीच्या उत्तरेला चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे.
देवरेसरांनी तांबड्या शाईने शेरा मारला,
"उत्तर चूक."

किती वेळ ते दोन शब्द बघत बसले.
सरांना ठाऊक नाही त्यांनी काय लिहून ठेवलंय.
शेरा राहू दिला.
गुण पूर्ण दिले.